घर खोलणारा मिस्त्री

आगाशीच्या जयवंत मिस्त्रीने उभ्या आयुष्यात एकही घर बांधलं नाही. खोलली मात्र नऊ. आज्याने निम्मा बाजाररस्ता उभा केला, बापाने जन्मभर त्याची डागडुजी केली, आणि नातवाच्या वाट्याला तोच रस्ता खोलायचं काम आलं. यात जयवंताचा दोष किती आणि काळाचा किती, यावर गावात अजूनही दोन तट आहेत. पारावर विषय निघाला की चहा गार होईपर्यंत वाद चालतो, आणि वाद घालणारे सगळे स्वतः स्लॅबच्या घरात राहतात.

खोलणं म्हणजे पाडणं नव्हे. पाडायला पहार लागते आणि अंगात जोर लागतो, तो कुणाकडेही असतो. जुन्या घरांत लोखंडी खिळा नसे. खांबाच्या डोक्यावर चौकोनी दांडा कोरून ठेवलेला असायचा, त्याला सुतार कुसू म्हणतात. ते कुसू वरच्या तुळईच्या भोकात जाऊन बसायचं, आडवी लाकडी मेख ठोकली की दोघांची गाठ पक्की, ती शंभर वर्षं सुटायची नाही. ती सोडवायची तर मेख कुठल्या बाजूने ठोकली होती हे कळायला हवं. उलट्या बाजूने घाव पडला की कुसू फुटतं, आणि कुसू फुटलं की सागाच्या खांबाचं जळण होतं. जयवंत पहिला दिवस नुसता घरात हिंडायचा. बोटाच्या पेराने खांब वाजवून बघायचा. मग मेखांवर तेल सोडायचा आणि दोन दिवस घरी बसायचा. चौथ्या दिवशी मोगरीचे हलके चार ठोके, की मेख अलगद बाहेर. बघायला जमलेली माणसं हसायची, म्हणायची, मिस्त्री घराला गुदगुल्या करतोय.

त्र्याण्णव साली त्याने पहिलं घर खोललं. तोवर विरारची चाळीस वर्षांची झोप मोडली होती. स्टेशनपासून निघालेल्या बिल्डिंगा भातखाचरं ओलांडून पश्चिमेला सरकत होत्या, आणि आगाशीच्या व्यापाऱ्यांच्या घरांकडे बघून लोक आता घर म्हणत नव्हते, प्लॉट म्हणत होते. जयवंत तेव्हा पंचेचाळिशीचा. नवी कामं होती, नाही असं नाही. वसईला एव्हरशाईन सिटीत एकेका मजल्यावर चार-चार दरवाजे बसवायचे असत, पण ते तयार येत आणि स्क्रूने लागत. दोन महिने ते काम करून तो घरी आला आणि यमुनेला, आपल्या बायकोला, म्हणाला, "त्याला सुतार कशाला पायजे? ते तर कोनीबी लावील." त्यानंतर एका ओळखीच्याने जुनं घर उतरवायला बोलावलं, आणि जयवंताने एकही कुसू न फोडता ते उतरवलं. आज्याचे हात आपल्या हातांत आले, असं त्याला वाटलं. ते खरंही होतं. फक्त आज्याचे हात चढवत गेले होते.

मग हर्षवर्धन आला. मुंबईचा, तिशीतला, चांगल्या घरचा. जुने दरवाजे, खांब, तुळईला आधार देणाऱ्या कोरीव हातण्या विकत घ्यायचा आणि हॉटेलवाल्यांना, फार्महाऊसवाल्यांना द्यायचा. गोड बोलायचा, दिलेला शब्द सहसा पाळायचा, आणि लाकडावरून हात फिरवताना त्याचा चेहरा खरोखर बदलायचा. लबाड असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. आगाशीला येण्याआधी तो गुजरातेत फिरत असे, कारण इकडे घरं फोडत आणि फोडलेल्या लाकडात त्याला रस नव्हता. जयवंताने सोडवलेले बारा खांब त्याने बघितले आणि तो तिथेच मांडी घालून बसला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुम्ही आहात तर अख्खं घर उचलता येईल की हो!"

जयवंताला हे कौतुक वाटलं. त्या वाक्यात दुसरंही काही होतं, ते त्याला ऐकू आलं नाही. पुढच्या आठ वर्षांत आणखी सात घरं गेली. जी माणसं घर पाडायला कचरत होती, पाप लागेल म्हणत होती, त्यांनाही हर्षवर्धनची गाडी दारात उभी राहिली की वाटू लागलं, आपण कुठे पाडतोय, आपण तर देतोय.

नववं घर होतं विनयाबाईंचं.

त्या घराला आगाशीत सुकेळीचं घर म्हणत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधली की सुकेळी होतात. ती वर्षभर टिकतात. विनयाबाईंच्या पणज्याने याच व्यापारावर नाव काढलं. पुढच्या ओसरीवर तराजू, मधल्या घरात माणसं, आणि वर सबंध माळाभर केळ्यांचे लोंगर टांगलेले. तुळयांना पितळी आकडे होते, एकशे चाळीस. व्यापार कधीचाच बसला होता, लोंगर जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण उन्हाळ्यात दुपारी माळा तापला की लाकडातून पिकल्या केळ्याचा वास उतरायचा. पाहुणे विचारायचे, केळी आणलीत वाटतं?

विनयाबाईंनी लग्न केलं नाही. गावातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, आणि मग अठ्ठावीस खांबांच्या त्या घरात एकट्या राहिल्या. जयवंताची मुलगी ऋतिका त्यांच्या हाताखाली शिकली, म्हणून जयवंत त्यांना बाई म्हणायचा. त्या त्याला नावाने हाक मारत, कारण लहानपणी दोघं एकाच शाळेत दोन वर्गांच्या अंतराने होती. दर वर्षी पावसाआधी तो येऊन माळा बघून जाई, कुठे वाळवी तर नाही ना. पैशांची गोष्ट दोघांनीही कधी काढली नाही. जाताना बाई यमुनेसाठी काहीतरी पिशवीत घालून देत.

बाईंचे भाऊ दिनानाथ दादरला राहत होते. चुलतभाऊ आणखी कुठे कुठे. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की बिल्डरला देऊन टाकू, प्रत्येकाला एकेक फ्लॅट. कागदावर बाईंची सही लागत होती, आणि ती त्यांनी तीन वर्षं दिली नाही. दिनानाथ दर रविवारी यायचे, आधी समजावायचे, मग चिडायचे, शेवटी जेवून जायचे. तिसऱ्या वर्षी ते आले ते हर्षवर्धनला घेऊन.

हर्षवर्धनने या वेळी वेगळंच सांगितलं. मनोरच्या बाजूला डोंगराखाली त्याने आणि त्याच्या काही मित्रांनी जागा घेतली होती. तिथे जुनी घरं होती तशी परत उभी करायची, लोकांना बघायला ठेवायची. "पहिलं घर तुमचं," तो बाईंना म्हणाला. "पाटी लावू. सुकेळीचं घर, आगाशी."

बाईंनी त्याला चहा दिला, पण उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाकडून त्यांनी जयवंताला निरोप धाडला.

तो आला तेव्हा त्या ओसरीवर बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, तो आपणहून पायरीवर बसला.

"जयवंत, मला सरळ सांग. हे घर खोललं तर परत उभं राहील?"

"राहील की."

"जसंच्या तसं?"

"बाई, माज्या आज्यानं जोडलंय ते. मी खोललं तर मीच उभं करीन. एक खांब इकडचा तिकडं होयाचा नाय."

"बघ हां. दिनूच्या शब्दावर मी सही करणार नाही. त्या मुलाच्याही नाही. तुझ्या शब्दावर करेन."

जयवंताने खांबावर हात ठेवला. शपथ घ्यायची म्हणून नव्हे, उठायला आधार म्हणून. पण बाईंनी ती शपथच मानली, आणि खरं सांगायचं तर त्यानेही.

दोन हजार एक साली दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. आधी कौलं उतरली, मग वासे, मग माळ्याच्या फळ्या. एकशे चाळीस आकडे बाईंनी स्वतः मोजून पोत्यात भरले. रोज चार वाजता त्या चंदनसारहून रिक्षा करून यायच्या. तिथे त्यांनी भाड्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. समोरच्या दुकानाच्या बाकावर बसून बघत राहायच्या. जयवंत वरून ओरडून सांगायचा, "बाई, ही देवघरावरची तुळई बरं का!" आणि त्या मान हलवायच्या. परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारख्या बसायच्या, असं दुकानदार सांगतो.

आता खुणांचं. खोललेलं लाकूड परत जोडायचं तर प्रत्येक तुकड्यावर खूण हवी. जयवंताच्या घराण्याची खुणा करायची एक रीत होती. देवघराच्या कोपऱ्यातला खांब पहिला, तिथून प्रदक्षिणेच्या वाटेने पुढचे. पटाशीने टिंबं आणि तिरक्या रेघा पाडायच्या. एका रेघेचे पाच, फुलीचे दहा. आणि त्या पाडायच्या कुसवावर. म्हणजे घर उभं राहिलं की खूण भोकात जाते, कुणाला दिसत नाही. दिसेल अशी खूण करणं म्हणजे वाढलेल्या पानातून चव बघण्यासारखं, असं त्याचा आजा म्हणायचा. खांबाच्या अंगावर रंगाने आकडा काढणाऱ्या सुताराला ते लोक पंक्तीला घेत नसत.

यमुना रोज दुपारी डबा घेऊन यायची. एक दिवस ती ओळीने मांडून ठेवलेल्या खांबांकडे बघत उभी राहिली. अठ्ठावीस खांब, सगळे सारखे, सगळे गुळगुळीत.

"अवो, यांच्या अंगावर रंगानं आकडे घाला ना," ती म्हणाली. "एक-दोन-तीन. कोनालाबी कळंल."

"कोनाला कळून काय करायचंय?"

"उद्या तुमाला बरं नसलं तर?"

"मी काय भंगारवाला हाय, अंगावर आकडे लिवायला?" तो तिच्यावर खेकसला. "आज्यानं कधी लिवलं नाय, बापानं नाय. कुसवावर हाय निशानी. वाचनारा वाचील."

यमुना गप्प बसली. ती तीस वर्षं अशीच गप्प बसत आली होती, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघत आलं होतं.

जयवंत रागावला त्याला आज्याची रीत हे एक कारण होतं. दुसरं कारण त्याने त्या दिवशी स्वतःशीही कबूल केलं नाही. ती खूण वाचता येणारा अख्ख्या तालुक्यात आता तो एकटाच होता. तेव्हा मनोरला घर उभं करायची वेळ आली, की त्यालाच बोलवावं लागणार. त्याच्याशिवाय कुणाचं पान हलणार नाही. आठ वर्षं नुसतं खोलत आलेल्या माणसाला एकदा तरी घर उभं करायचं होतं. त्या घराच्या आढ्यावर बसून खाली बघायचं होतं. यात वाईट काही नव्हतं. पण खूण लपून राहिली ती यामुळेही.

संक्रांतीच्या सुमारास तीन ट्रक भरून घर गेलं. जोतं तेवढं उरलं. बाई त्या दिवशी आल्या नाहीत.

हर्षवर्धन म्हणाला होता, पावसाळा उलटला की बोलावतो. पावसाळा उलटला. मग त्याने फोन करून सांगितलं, परवानगी अडकलीय. दुसरा पावसाळाही उलटला. आगाशीत जोत्यावर सहा मजले उभे राहिले. दिनानाथांनी आपला फ्लॅट विकला. बाईंना त्यांचा मिळाला, पण त्या तिथे राहायला गेल्या नाहीत, चंदनसारलाच राहिल्या. दर महिन्याला जयवंत त्यांच्याकडे जाऊन यायचा, नळाचा वायसर, कपाटाची बिजागरी, काहीतरी निमित्त काढून. बाई दार उघडताच विचारायच्या, "बोलावणं आलं?"

"आज-उद्या येल."

पुढेपुढे त्या विचारीनाशा झाल्या. नुसतं त्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि पंखा लावायच्या.

बोलावणं आलं दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात. हर्षवर्धनने गाडी पाठवली. जयवंताने आज्याची पटाशी, मोगरी, ओळंबा सगळं पिशवीत भरलं, नवं धोतर नेसला, आणि निघण्याआधी चंदनसारला गाडी थांबवून तिसरा मजला चढला. पंचावन्न वर्षांचा माणूस, दम लागला तरी दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, चाललो. आता पाडव्याला तुमाला घेऊन जाईन बघायला." बाईंनी आत जाऊन आकड्यांचं पोतं आणलं. ते त्यांनी दोन वर्षं पलंगाखाली ठेवलं होतं. "हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "एकशे चाळीस आहेत. मोजून लाव."

मनोरची जागा खरी होती. जोतं खरं होतं, आगाशीच्या मापाचं, काळ्या दगडात घडवलेलं. जयवंताने पावलांनी मोजून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग दोघं भिवंडीच्या बाजूला गोदामात लाकूड बघायला गेले.

लाकूड नीट होतं. वाळवी नाही, ओल नाही. खांब एकावर एक पट्टीने आखल्यासारखे रचलेले. जयवंत पुढे झाला, वाकला, पहिल्या खांबाच्या टोकाला हात लावला, आणि तसाच राहिला. टोक सपाट होतं. दुसऱ्याचं सपाट. तिसऱ्याचं सपाट. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. तुळयांच्या टोकांचीही तीच गत. करवतीने इतकं साफ कापलं होतं की सुताराने कौतुक करावं.

झालं होतं ते एवढंच. पहिलं गोदाम सोडावं लागलं, तेव्हा लाकूड इकडे हलवलं. मुकादमाने बघितलं, खांबांच्या टोकांना वीतभर ठोंब आलेत, रास नीट बसत नाही, एकाचं टोक दुसऱ्याला लागून पॉलिश जातंय. त्याने ते ठोंब मशीनने कापून टाकले. खांबांना ओरखडा येऊ नये म्हणून. त्याने आपल्या परीने जपलंच होतं. कापलेले तुकडे रखवालदाराच्या चुलीत गेले.

"मिस्त्री," हर्षवर्धन मागून म्हणाला, "नंबर कुठे टाकलेत तुम्ही? मी शोधले मागे, दिसले नाहीत. म्हटलं, तुम्हालाच माहीत."

जयवंत कापलेल्या टोकावर अंगठा फिरवत राहिला, जणू खालून काहीतरी हाताला लागेल.

चार दिवस तो गोदामात राहिला. खांब एकेक करून बाहेर काढायला लावले आणि उन्हात त्यांच्याभोवती फिरत राहिला. देवघराजवळचा खांब त्याला काजळीवरून सापडला. ओसरीचे दोन, तराजूच्या दोरीने पडलेल्या खाचांवरून. एक बाईंच्या उंचीच्या रेघांवरून. लहानपणी वडिलांनी चाकूने ओढलेल्या. गाठी, भेगा, रंगाच्या छटा बघत बघत अकरा खांब लागले. सतरा लागेनात. तुळयांचा तर पत्ताच नव्हता. आणि ओळखले तरी काय? प्रत्येक कुसू आपल्या एका भोकासाठी कोरलेलं होतं. कुसूच नाही, तर नुसत्या भोकांना काय विचारायचं?

हर्षवर्धन हळहळला. त्याने मुकादमाला फैलावर घेतलं. मग चौथ्या दिवशी जवळ येऊन बसला. "मिस्त्री, दिसायला सगळे सारखेच आहेत हो. लोखंडी प्लेटी टाकू, बोल्ट मारू. कुठलाही खांब कुठेही चालेल. कुणाला कळणार आहे?"

"कोनाला नाय कळनार," जयवंत म्हणाला. "पन साहेब, मग ते बाईंचं घर नाय. मग ते कोनाचंच नाय."

पिशवी उचलून तो निघाला. पितळी आकड्यांचं पोतं तिथेच राहिलं. त्या जोत्यावर पुढे जेवणाचा हॉल झाला. खांब सुंदर दिसतात, लोक फोटो काढतात. जयवंत तिकडे परत कधी गेला नाही.

चंदनसारला जायला त्याला आठ दिवस लागले. यमुना रोज म्हणायची, जाऊन या, लोकांकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. नवव्या दिवशी सकाळी तो गेला. बाई तांदूळ निवडत होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि पंखा लावला नाही.

त्याने सगळं सांगितलं. गोदामाचं, मुकादमाचं, करवतीचं. बाई ऐकत होत्या. मग तो थांबला. तिथे थांबला असता तर चाललं असतं. मुकादम मूर्ख, बिचारा जयवंत, असं होऊन गेलं असतं. पण बाईंसमोर त्याला खोटं बोलता येत नसे, चौथीतही येत नव्हतं.

"बाई, येक आजून हाय. यमुना म्हनाली होती, वर रंगानं आकडे घाल. मी नाय घातले. आज्याची रीत म्हनून... आन् मला वाटलं, निशानी मलाच वाचता आली तर मलाच बोलावतील. मला उभं करायचं होतं, बाई. येकदाच."

बाईंनी ताट पुढे ओढून तांदळातले दोन खडे बाजूला काढले. रागावतील असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आकड्यांचं जाऊ दे, जयवंत," त्या शेवटी म्हणाल्या. "मी त्या दिवशी तुला ओसरीवर विचारलं, तेव्हा 'मला नाही खोलता येणार' एवढंच म्हणायचं होतंस. मी सही केली नसती. कुणाला ते घर असं उचलून नेताच आलं नसतं."

आवाज चढलेला नव्हता. गणित सोडवताना पहिली पायरी कुठे चुकली ते दाखवतात, तसं त्यांनी दाखवलं. मग त्यांनी चहा टाकला. त्याने तो घेतला. दार लावताना त्या नेहमीसारखं "सांभाळून जा" म्हणाल्या. त्यानंतर त्याने त्यांच्याकडे जाणं बंद केलं. बाईंनीही निरोप धाडला नाही.

घरी येऊन त्याने आपली नऊ घरं मनात मोजली. तो नसता तर यांतली किती उभी राहिली असती? दोन? चार? पाडायला धजावले नसते असे किती मालक होते? हा हिशेब त्याला सुटेना. जेवताना घास हातात राहायचा. यमुना म्हणायची, "अवो, सगळं काय तुमच्यामुळं गेलं नाय. जानारच होतं." पण हे ती दर दिवशी म्हणायची, त्यामुळे तिलाही ते पुरतं पटलेलं नसावं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात जवळच्या निर्मळ गावाहून विघ्नेश नावाचा एक मुलगा मोटारसायकलवर आला. पेढीवाल्यांचा नातू, नोकरीला मुंबईत, बोलायला नम्र. जयवंताच्या आज्यानेच बांधलेलं त्यांचं दोन मजली घर उतरवायचं होतं. पायरीवर बसून तो म्हणाला, "काका, पप्पा म्हणाले, खोलायचं तर फक्त तुम्हालाच येतं. लाकूड चांगलंय, वाया नको जायला."

यमुना दारात उभी होती. जयवंत त्या मुलाकडे बघत राहिला, मग आपल्या हातांकडे.

"मला नाय येत," तो म्हणाला.

"काका, असं काय—"

"नाय येत बाबा. कोनी सांगितलं तुला?"

मुलगा खजील होऊन निघून गेला. त्या दिवशी जयवंत पोटभर जेवला. त्याला वाटलं, आता ते घर राहील. खोलणारा नाही म्हटल्यावर मालक थबकतील, वर्ष जाईल, दोन वर्षं जातील, कुणाचं तरी मन बदलेल. बाईंनी दाखवलेली चूक आपण या खेपेला केली नाही, याचं त्याला इतकं समाधान झालं की बाईंना जाऊन सांगावं असंही क्षणभर मनात आलं.

आठवड्याने निर्मळला जेसीबी आला. जयवंताला दूधवाल्याने सांगितलं. तो सायकल काढून गेला, पोचला तेव्हा दहा वाजले होते आणि वरचा मजला खाली आलेला होता. यंत्राने खांबाला ढकललं की खांब आधी थोडा कलायचा, मग मानेशी कडकन मोडायचा. कुसू तुळईतच अडकून राहायचं. मेख कुणी सोडवली नव्हती, त्यामुळे सांधा सुटायला तयार नव्हता. लाकूड तुटत होतं पण सांधा सुटत नव्हता. इतकं चांगलं काम त्याने स्वतः कधी केलं नव्हतं. दुपारपर्यंत जागा साफ झाली. फाटकं लाकूड बेकरीवाला टेम्पोत भरत होता.

विघ्नेश त्याला बघून जवळ आला. "काका, तुम्ही हो म्हणाला असतात तर..." एवढं बोलून थांबला, कारण जयवंत रडत होता.

सायकल हातात धरून तो घरी आला. यमुनेने पाणी दिलं. तो ओट्यावर बसून राहिला. खोलतो म्हणालो तेव्हा घर गेलं. खोलत नाही म्हणालो तरी गेलं, आणि वर लाकूडही गेलं. बाईंचं खरं की त्या मुलाचं? पुढच्या वेळी कुणी पायरीवर येऊन बसलं तर काय सांगायचं, हे त्याने पावसाळाभर मनात घोळवलं, दिवाळीपर्यंत घोळवलं. एकदा ठरवायचा हो म्हणायचं, एकदा ठरवायचा नाही म्हणायचं. विचारायला कुणी आलं नाही. निर्मळचं ते आज्याच्या हातचं शेवटचं घर होतं.